पहिला बँड चुकवू नका

नमस्कार श्रोतेहो. आज छोट्या क्लबातल्या इंडी पॉप गाण्यांच्या रात्रीबद्दल बोलू या. छोटा म्हणजे खरोखर छोटा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटवर किंग टट्स वा वा हट नावाचा क्लब आहे. तीनशे माणसं आली की भरला. 1990 मध्ये सुरू झाला, आजही चालू आहे. एवढ्याशा जागेत गायकाचा श्वास ऐकू येतो, ड्रमचा ठोका छातीत बसतो.

इंडी पॉप म्हणजे काय, तर मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय, छोट्या स्वतंत्र कंपन्यांतून आलेली, गिटारवर बांधलेली, चटकन ओठांवर बसणारी गाणी. ग्लासगोत ही परंपरा जुनी आहे. पोस्टकार्ड रेकॉर्ड्स ही कंपनी तिथलीच, ऑरेंज ज्यूस हा बँडही तिथलाच. व्याख्या एवढी पुरे, कारण मला तुम्हाला त्या क्लबातली एक रात्र सांगायची आहे.

तारीख 31 मे 1993, वार सोमवार. मुख्य बँड होता एटीन व्हीलर. त्यांची गाणी क्रिएशन रेकॉर्ड्स ही कंपनी काढायची आणि तिचा मालक अॅलन मॅगी मूळचा ग्लासगोचाच. आपला बँड वाजवणार म्हणून तो ऐकायला आला. सिस्टर लव्हर्स नावाचा मँचेस्टरचा बँडही त्या रात्री वाजवणार होता. मँचेस्टरमध्ये त्यांच्या तालमीच्या खोलीत आणखी एक बँड सराव करायचा. त्या पोरांनी ठरवलं, आपणही जायचं. मँचेस्टर ते ग्लासगो म्हणजे मुंबईहून कोल्हापूरला निघाल्यासारखं. वाद्यं गाडीत भरली आणि निघाले. आमंत्रण नाही, जाहिरातीत नाव नाही, करार तर नाहीच.

क्लबवाल्यांनी आधी नकार दिला. शेवटी ठरलं, की सगळ्यांच्या आधी थोडा वेळ वाजवा. सगळ्यांच्या आधी, हे लक्षात ठेवा. म्हणजे हॉल अजून भरायचा असतो, लोक बारपाशी गप्पा मारत असतात, तेव्हा.

इथे मला एक बोलू द्या. आपल्या नाटकाला तिसरी घंटा असते. ती झाली की प्रेक्षक जागेवर आणि पडदा वर. क्लबातल्या कार्यक्रमांनाही तिसरी घंटा हवी, असं मी कितीतरी वर्षं म्हणते आहे. तिकिटावर आठ लिहायचं आणि साडेनऊला पहिला सूर लावायचा, हा वेळेवर आलेल्या माणसाचा अपमान आहे. आणि भिंतीलगत चार खुर्च्या मांडायला काय हरकत आहे? गुडघे दुखणाऱ्यांनाही गिटार आवडते.

तर ती पोरं मंचावर चढली. मोजून चार गाणी वाजवली, त्यातलं शेवटचं बीटल्सचं. समोर मोजकीच माणसं. पण त्या मोजक्या माणसांत अॅलन मॅगी होता, कारण तो लवकर आला होता. मुख्य बँडच्या वेळेला आला असता, तर ही चार गाणी त्याच्या कानावर पडलीच नसती. त्याने बँडच्या गिटारवाल्याला तिथेच गाठलं आणि करार देऊ केला. गिटारवाल्याचं नाव नोएल गॅलघर, गाणारा त्याचा धाकटा भाऊ लियम, आणि बँडचं नाव ओएसिस.

पुढच्याच वर्षी, 1994 च्या ऑगस्टमध्ये, त्यांचा पहिला अल्बम आला. ब्रिटनमध्ये तोवर कुणाचाही पहिला अल्बम इतक्या झपाट्याने खपला नव्हता. 1996 मध्ये नेबवर्थच्या मैदानावर दोन रात्रींत मिळून अडीच लाख माणसं त्यांना ऐकायला आली. तीनशे माणसांच्या खोलीतून अडीच लाखांच्या मैदानात, आणि मध्ये फक्त तीन वर्षं!

आपल्याकडेही अशा खोल्या झाल्या. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात 2007 मध्ये ब्लू फ्रॉग सुरू झाला आणि 2016 मध्ये बंद पडला. पुण्यात हाय स्पिरिट्स आहे. अशा जागा तिकिटावर आणि बारवर चालतात. साडेदहाला येऊन फक्त मुख्य बँड ऐकणारे वाढले, की पहिल्या बँडला बोलावणं परवडत नाही. आणि वाजवायला जागाच मिळाली नाही, तर नवीन पोरांनी शिकायचं कुठे? नुसत्या तालमीच्या खोलीत माणसं धीट होत नाहीत. समोर अनोळखी चेहरे लागतात, पंधरा का होईना.

म्हणून पुन्हा सांगते, पहिला बँड चुकवू नका. दार उघडताना पोचा. फोन खिशात राहू द्या. आवडलं तर मोठ्याने दाद द्या. संगीत नाटकाच्या काळात आपले लोक पदाला तिथल्या तिथे वन्स मोअर द्यायचे आणि त्यापायी नाटकं पहाटेपर्यंत चालायची. क्लबातही वन्स मोअर द्यायला लाजू नका. आणि निघताना त्या बँडची कॅसेट, सीडी, टीशर्ट, जे काही टेबलावर मांडलं असेल, त्यातलं एखादं विकत घ्या. ते पैसे थेट त्यांच्या परतीच्या गाडीभाड्याला जातात.

आता ऑरेंज ज्यूसचं एक गाणं लावते. गिटारकडे कान ठेवा. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.