मधल्या पायावरचं ओझं

नमस्कार मंडळी. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, ‘घरच्या घरी सहा पायांचा रोबो’. तासाभरात अख्खा रोबो काही सांगून होणार नाही, आणि अख्खा सांगण्यासारखा तो नाहीही. सांगाड्याचे आराखडे आयते मिळतात, प्रोग्रॅमही मिळतो. हौशी लोकांनी केलेले असे पुष्कळ रोबो मी पाहिलेत. त्यातले बरेचसे टेबलावर ऐटीत उभे राहतात आणि ‘चाल’ म्हटलं की बसतात. ते का बसतात, हे मी आज सांगणार आहे. त्यामुळे बोलणं बरंचसं वजनाचं आणि विजेचं होईल. संगणकवाल्या मुलांनी आधीच माफ करावं.

आता सहाच पाय का? दोन पायांवर चालायला तोल सतत सावरावा लागतो. त्यासाठी आपण कुठे कलतोय हे क्षणाक्षणाला कळावं लागतं. चार पायांवर एक उचलला तर तीन उरतात, पण अंगाचा भार आधी त्या तिघांच्या मध्ये सरकवावा लागतो, नाहीतर उचललेल्या पायाच्या बाजूला आपटी. सहा असले की तीन उचलले तरी तीन जमिनीवर राहतात: डावीकडचा पुढचा आणि मागचा, आणि उजवीकडचा मधला. या तीन टेकूंचा त्रिकोण होतो. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा त्या त्रिकोणात पडतोय तोवर यंत्र पडत नाही. मधेच वीज न घालवता थांबवलंत तरी ते तसंच उभं राहील. पुढच्या पावलाला दुसरे तीन टेकतात. पालखीचे भोई खांदेपालट करताना नवा खांदा दांडीखाली आल्याखेरीज जुना सोडत नाहीत, तसंच इथे: नवे तीन पाय टेकल्याशिवाय जुने तीन उचलायचे नाहीत.

ही चाल आपण शोधलेली नाही. मुंगीची, झुरळाची हीच चाल. मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये झुरळ टिपून बघा. मुंबईत नमुन्यांचा तुटवडा नाही. सावकाश चालणारं झुरळ तीन-तीनच्या जोडीने पाय टाकताना स्वच्छ दिसतं. हेच आपलं मोरीतलं मोठं झुरळ, अमेरिकन म्हणतात ते, पूर्ण वेगात असलं की पुढचे पाय उचलून चारांवर, कधी तर मागच्या दोनच पायांवर पळतं, सेकंदाला जवळपास दीड मीटर. ते आपल्या आवाक्यातलं नाही. आपण सावकाश चालणाऱ्या झुरळाची नक्कल करायची.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात 1977 साली रॉबर्ट मॅकगी यांच्या गटाने संगणकाने चालणारं सहा पायांचं यंत्र केलं होतं. पण हौशी माणसाला धीर आला तो 1989च्या ‘गेंगीस’मुळे. अमेरिकेतल्याच एमआयटीत रॉडनी ब्रुक्स आणि कॉलिन अँगल यांनी केलेला हा रोबो. वजन किलोभर, एका पायाला दोन मोटरी, म्हणजे सगळ्या मिळून 12, आणि त्याही खेळण्यातल्या विमानांना लावतात तसल्या. सगळं आधी ठरवून मग पाऊल टाकणारा एकच मोठा मेंदू त्याला नव्हता. छोटे छोटे नियम एकावर एक रचले होते आणि चाल त्यातून उमटत होती. पुढच्याच वर्षी ब्रुक्स, अँगल आणि हेलन ग्रायनर यांनी कंपनी काढली. घरात केर काढत फिरणारी ती गोल चकती याच कंपनीची.

आपण मात्र एका पायाला तीन मोटरी लावतो. एक पाय मागेपुढे करायला, दुसरी मांडी उचलायला, तिसरी गुडघ्याला. सहा त्रिक अठरा. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं, लॅमिंग्टन रोडला जायचं. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगावं लागतं. तिथे ‘996 मेटल गिअर’ म्हटलं की काउंटरवर डबी येते. ही सर्वो मोटर: आत छोटी मोटर, धातूची दातेरी चाकं आणि कोन मोजणारा पोटेन्शिओमीटर. सेकंदाला 50 वेळा तिला विजेचा ठोका द्यायचा. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला की दांडा मधोमध, एकाचा असला की एका टोकाकडे, दोनचा असला की दुसऱ्या. एवढीच तिची भाषा.

डबीवर ताकद लिहिलेली असते, 6 व्होल्टला 11 किलो-सेंटीमीटर. म्हणजे दांड्यापासून 1 सेंटीमीटरवर 11 किलो, 10 सेंटीमीटरवर 1 किलो 100 ग्रॅम. हे आकडे मोटर अडून थांबते त्या क्षणाचे आहेत. रोजच्या कामाला त्याच्या निम्मे धरावेत. शिवाय या नावाने बाजारात नकला भरपूर आहेत. लेबल तेच, आतला माल वेगळा. म्हणून घरी आणल्यावर प्रत्येक मोटर तपासायची. 10 सेंटीमीटरची पट्टी दांड्याला आडवी बसवायची, टोकाला पिशवी, पिशवीत वाण्याकडची वजनं. अर्धा किलो उचलून धरताना जी थरथरते ती मधल्या पायाला लावायची नाही.

मधल्याच पायाला का, ते आता बघू, कारण आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट तीच आहे. समजा रोबो 2 किलोचा आहे आणि अंग लांबट, आयताकृती. सहाही पायांवर उभा असताना प्रत्येकावर साधारण 333 ग्रॅम. तीन पाय उचलले की बहुतेक जण हिशेब करतात, 2 किलो भागिले 3, म्हणजे 667 ग्रॅम. तो चुकीचा आहे. डावीकडे दोन पाय टेकलेत, उजवीकडे एकच. अंग उजवीकडे कलंडायला नको असेल तर दोन्ही बाजूंनी सारखंच तोललं गेलं पाहिजे. म्हणजे डावीकडचे दोघे मिळून 1 किलो आणि उजवीकडचा मधला पाय एकटा 1 किलो. मांडीच्या सांध्यापासून पाऊल आडवं 10 सेंटीमीटर लांब असेल तर त्या मोटरवर 10 किलो-सेंटीमीटर ताण आला. डबीवरचा 11चा आकडा आठवा. उभं असताना तीच मोटर सव्वातीनवर निवांत होती, पहिल्या पावलाला तिप्पट भार आला आणि ती बसली. मग लोक प्रोग्रॅम तपासत बसतात.

यावर उपाय आहेत. अंग गोल किंवा षटकोनी करा, पाय सारख्या अंतरावर चहूकडे लावा. मग टेकलेल्या तिघांचा समभुज त्रिकोण होतो आणि 667चा हिशेब खरा ठरतो. दिसायला तो किड्याऐवजी खेकड्यासारखा दिसेल, दिसू दे. लांबट अंगच हवं असेल तर कमरेत रुंद करा. पुढची-मागची पावलं मध्यरेषेपासून 15 सेंटीमीटरवर आणि मधला सांधाच 4 सेंटीमीटर बाहेर सरकवून त्याचं पाऊल 19वर ठेवलं, तर मधल्या पायाचा वाटा किलोवरून 880 ग्रॅमच्या आसपास उतरतो. पाय तेवढाच लांब राहतो, त्यामुळे ताण खरोखर कमी होतो. आणि चाल बदलणं हा फुकटचा उपाय: एका वेळी एकच पाय उचला, पाच टेकलेले ठेवा. चाल अगदी संथ होते, पण मोटरी सुखात राहतात. माझं मत विचाराल तर पहिला रोबो गोल करावा आणि पाय आखूड ठेवावेत. लांब पायांचा मोह आवरत नाही हे मला ठाऊक आहे. फोटोत तेच छान दिसतात.

आता वीज. ही एकेक मोटर अडली की अडीच अँपिअरपर्यंत ओढते. अठरांचे झाले 45. सगळ्या एकदम कधी अडत नाहीत, पण स्विच दाबताक्षणी अठराही मोटरी एकदम आपापल्या जागी झेप घेतात आणि तेवढ्यात व्होल्टेज ढासळतं. मोटरींना ठोके पाठवणारा कंट्रोलर त्याच तारेवर असेल तर तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, पुन्हा झेप, पुन्हा बंद. रोबोला आकडी आल्यासारखं दिसतं. म्हणून मोटरींची वीज वेगळी आणि कंट्रोलरची वेगळी. फक्त ग्राउंड, म्हणजे ऋण बाजूची तार, एक. ते एक ठेवायला विसरलात तर ठोके मोटरींना समजतच नाहीत. तारा जाड हव्यात. ब्रेडबोर्डमधून, म्हणजे तारा नुसत्या खोचायच्या त्या भोकांच्या पट्टीतून, हा प्रवाह नेऊ नका, त्याचं प्लॅस्टिक वितळतं. आणि सुरुवातीला एकेक पाय क्रमाने जागा करा. दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण चार्ज झाली की 8.4 व्होल्ट देते, ते या मोटरींना जास्त; मध्ये 6 व्होल्टला उतरवणारं दणकट मॉड्यूल लागतं. बॅटरी फुगलेली दिसली तर तिचा मोह सोडा, आणि चार्जिंगला लावून झोपायला जाऊ नका. आपली घरं लहान असतात, पडदे जवळच असतात.

एक गंमत पाहा. दोन पायांच्या यंत्राला हुशारी जास्त लागते. सहा पायांच्याला हुशारी कमी लागते, पण नुसतं उभं राहायलाही तो बॅटरी खातो. कान दिलात तर मोटरींची किरकिर ऐकू येते. तोल सांभाळायचं डोक्याचं काम आपण विजेवर ढकललेलं असतं, आणि त्याचं बिल पावलोपावली येतं.

जोडणीतली एकच गोष्ट सांगतो, कारण ती कुठे कुणी नीट सांगत नाही. मोटरच्या दांड्याला 25 दाते असतात, म्हणून त्यावरचा हात 14.4 अंशांच्या टप्प्यानेच बसतो. मनासारखा नेमका सरळ तो कधीच बसत नाही. राहिलेला फरक प्रत्येक मोटरीसाठी मोजून प्रोग्रॅममध्ये लिहावा लागतो, असे अठरा आकडे. कंटाळवाणं काम आहे, एका रविवारचं. ते टाळलेला रोबो लंगडतो. आणि हो, मोटरी हाकायची जी स्वस्त पट्टी मिळते तिला 16च जागा असतात. राहिलेल्या दोनांसाठी दुसरी पट्टी घ्यावी लागते.

गणिताची फार धास्ती नको. टेकलेलं पाऊल जमिनीवर सरळ रेषेत मागे गेलं पाहिजे. नुसता पाय मागेपुढे करणारा सांधा फिरवला तर ते कमान काढतं आणि फरशीवर घसरतं. पाऊल कुठे हवं ते ठरवून त्यावरून तीन कोन काढायचे. मांडी, नळी आणि सांध्यापासून पावलापर्यंतचं अंतर असा त्रिकोण होतो, तिन्ही बाजू माहीत. बारावीचा कोसाइनचा नियम. पावलांना सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा, नाहीतर गणित बरोबर असूनही तो जागच्या जागी पोहत राहील.

मागून प्रश्न आलाय: चाकं का लावत नाही? सपाट फरशीवर चाकंच बरी. स्वस्त, वेगवान, बॅटरीही कमी खातात. पाय कामाला येतात ते जिथे जमीन सलग नाही तिथे, दगडांत, ढिगाऱ्यात, पायऱ्यांवर. माझ्या घरात यातलं काहीच नाही, उंबरठाही नाही. त्यामुळे उपयोग काय या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही.

थ्रीडी प्रिंटरवर भाग काढणाऱ्यांसाठी एक राहिलं. जून ते सप्टेंबर प्लॅस्टिकच्या तारेचं रीळ सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. दमट हवेत ते पाणी पितं आणि छपाई खरबरीत, ठिसूळ निघते. आणि पीएलए या छपाईच्या प्लॅस्टिकचा रोबो मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, पाय वाकडे होतात.

रोबो दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. हाताळा, खाली ठेवून चालवाही. फक्त उचलताना पोटाखाली हात घाला. पाय धरून उचललात आणि सांधा जोरात फिरला तर आतले दाते मोडतात, आणि आज शनिवार संपत आलाय. नवी मोटर आता सोमवारीच.