त्या खर्चाला हेड नाही

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'मंदीच्या काळात स्थानिक संस्था गरिबीशी कशा लढतात'. त्यावर बोलणारच आहे, पण आधी मला एका शिलाई मशीनबद्दल सांगायचंय. समोर बसलेल्यांपैकी निम्मे संस्था चालवतात, तेव्हा 'हेड' म्हणजे हिशेबातलं खर्चाचं खातं, हे समजावत बसत नाही. ऑडिटच्या आदल्या रात्री व्हाउचरं चिकटवलेल्या माणसाला या नुसत्या शब्दानं घाम फुटतो. (हशा)

तर आमचं शिधावाटप चालू होतं. रांगेच्या शेवटी एक काका उभे, हातात पिशवी नाही. म्हटलं, "पिशवी आणली नाहीत?" त्यांनी फडक्यात गुंडाळलेली शिलाई मशीनची मोटर काढली. तांब्याची तार काळी पडलेली, जळक्या वार्निशचा वास येत होता. म्हणाले, "शिधा नको, ताई. एवढी मोटर दुरुस्त करून द्या. शिधा माझा मी आणतो."

खर्च शिध्याच्या दोन किटांच्या आतबाहेरचा. विषय समितीपुढे नेला. आमचे खजिनदार सज्जन माणूस, आणि त्यांचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. देणगीच्या पत्रात लिहिलेलं, रक्कम फक्त धान्यासाठी. दुरुस्तीला हेड नाही. देणगीदारांना पत्र पाठवलं. उत्तर यायला पाच आठवडे लागले आणि आलं ते नकाराचं. तोवर मशीन भंगारात गेलं होतं. पुढचे चौदा महिने काका आमच्या रांगेत होते, पिशवी घेऊन. चौदा किटं. प्रत्येक सही मी घेतलीय. सही करताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जाऊही नये.

आता मंदी. संस्थेची खरी अडचण अशी की ज्या महिन्यात रांग वाढते, त्याच महिन्यात देणगी आटते. गावातला कारखाना बंद पडला की कामगार रांगेत येतो आणि कारखान्याची वार्षिक देणगीही थांबते. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत हेच झालं. अध्यक्ष हूवर यांची मुख्य भिस्त खाजगी आणि स्थानिक मदतीवर होती. १९३३ पर्यंत चारातला जवळजवळ एक कामगार बेकार झाला आणि संस्थांच्या तिजोऱ्यांचा तळ दिसला. शेवटी त्याच वर्षी रूझवेल्ट सरकारनं केंद्राचा पैसा मदतीसाठी राज्यांना दिला. म्हणून आज 'सरकार कशाला, संस्था बघून घेतील' असं कुणी म्हणालं, तर त्याला हे १९३३ साल सांगा. आपण सरकारची जागा घेऊ शकत नाही. पण सरकारी मदत पोचेपर्यंत माणूस कोसळू नये, एवढं आपल्या हातात असतं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग भराभर सांगते.

अन्न विकत घेण्यात सगळा पैसा घालवू नका. १९६७ साली अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल यांनी पहिली फूड बँक काढली. दुकानांतून फेकलं जाणारं चांगलं अन्न गोळा करायचं, एवढीच कल्पना. यात जो पैसा वाचेल तो रोख मदतीला लावा: थकलेलं भाडं, जळलेली मोटर, कामावर जायचा पास. रोख दिली की दारूत जाते, असं लगेच ऐकवलं जातं. केनियात गरीब कुटुंबांना थेट रक्कम देऊन अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही.

शेजारच्या संस्थांशी याद्या जुळवा, नाहीतर एका घरी तीन किटं जातात आणि पलीकडच्या घरी एकही नाही. सरकारी योजनांचे अर्ज भरून द्यायला एक माणूस बसवा. एक मंजूर पेन्शन दरमहा घरी येते. आणि बऱ्या वर्षांत राखीव निधी बाजूला काढा, सभासद कितीही कुरकुरले तरी.

शेवटचं देणगीदारांसाठी, तुम्हीही इथे बसला आहात. पुढच्या पत्रात एवढी एकच ओळ घाला: 'यातला दहावा हिस्सा संस्थेनं तिला योग्य वाटेल तिथे, विचारत न बसता खर्च करावा.' पत्राचा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, जाताना घेऊन जा.