सगळ्यात जास्त हरलेला संघ आणि बिल स्नायडर

नमस्कार मंडळी. आज ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर नसेल. बिल स्नायडर, अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे प्रशिक्षक. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात मॅनहॅटन नावाचं एक छोटं गाव आहे. न्यूयॉर्कचं मॅनहॅटन वेगळं. हे गव्हाच्या शेतांच्या आणि फ्लिंट हिल्स नावाच्या गवताळ टेकड्यांच्या मुलखातलं. तिथे १८६३ साली स्थापन झालेलं कॅन्सस स्टेट विद्यापीठ आहे. शेती आणि धान्यप्रक्रिया या विषयांत त्याचं मोठं नाव आहे. फुटबॉलमध्ये मात्र, म्हणजे ते लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्या अंडाकृती चेंडूच्या खेळात, या विद्यापीठाचं नाव १९८८पर्यंत चेष्टेचा विषय होतं.

किती चेष्टेचा? विद्यापीठाच्या संघाने तोवरच्या सगळ्या इतिहासात २९९ सामने जिंकले होते, ५१० हरले होते आणि ४१ बरोबरीत सोडवले होते. देशातल्या वरच्या श्रेणीत पाचशे पराभवांचा आकडा सगळ्यात आधी गाठणारा संघ हाच. १९८७ आणि १९८८ या दोन्ही हंगामांत मिळून त्यांना एकही विजय मिळाला नाही. १९८७ची ती एकमेव बरोबरी शेजारच्या कॅन्सस विद्यापीठाशी झाली, आणि तोही संघ तेव्हा जवळजवळ तितकाच हलाखीत होता. स्नायडर आले तेव्हा सलग २७ सामने विजयाविना गेले होते. पराभव पाचवीलाच पुजलेला म्हणतात, तशी अवस्था.

आता आपल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. तिकडे कॉलेज फुटबॉल म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकून करंडक प्राचार्यांच्या कपाटात ठेवला, असा प्रकार नाही. पन्नास-पन्नास हजार माणसं तिकीट काढून येतात, दूरचित्रवाणीचे करार असतात, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या त्यावर हलतात. कॅन्सस स्टेट तेव्हा ‘बिग एट’ या आठ विद्यापीठांच्या गटात होतं. त्या गटात नेब्रास्का आणि ओक्लाहोमा होते, देशाचं अजिंक्यपद मिळवणारे. १९८६ साली आलेले कुलगुरू जॉन वेफाल्ड यांच्यापुढे साधा प्रश्न होता: हा संघ असाच हरत राहिला तर गटातली जागा टिकेल का? आणि गट गेला तर विद्यापीठाची पतही गेली. वेफाल्ड यांनी फुटबॉल बंद करण्याऐवजी त्याच्यामागे उभं राहायचं ठरवलं. स्नायडर यांच्या यशाचं निम्मं श्रेय मी इथे देतो. पाठीशी उभा राहणारा कुलगुरू नसता, तर पहिल्या हंगामानंतरच सगळं संपलं असतं.

स्नायडर तेव्हा ४९ वर्षांचे होते. मिझुरीतल्या सेंट जोसेफमध्ये वाढलेले, आईने एकटीने वाढवलेले. शाळांमध्ये आणि छोट्या कॉलेजांत वर्षानुवर्षं शिकवलेले. मग नॉर्थ टेक्सासमध्ये आणि नंतर आयोवात हेडन फ्राय यांच्या हाताखाली आक्रमणाची बाजू सांभाळलेले. हे फ्राय स्वतः बुडालेले संघ वर काढण्यात मुरलेले होते. आयोवाचा संघही त्यांनी असाच पराभवांच्या खाईतून उचलला होता. म्हणजे स्नायडर यांनी हे काम आधी दहा वर्षं जवळून पाहिलेलं होतं. पण मोठ्या कॉलेजचे मुख्य प्रशिक्षक ते कधीच झालेले नव्हते. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा कायापालट घडवण्याची संधी इथेच आहे. लोकांना ते वाक्य नव्या नोकरीच्या भरातलं वाटलं असणार.

पहिले तीन सामने तेही हरले. त्यात एक हार नॉर्दर्न आयोवाकडून, म्हणजे खालच्या श्रेणीतल्या संघाकडून, आणि तीही स्वतःच्या मैदानावर. मग ३० सप्टेंबर १९८९ला नॉर्थ टेक्सासचा संघ मॅनहॅटनला आला. हेच ते विद्यापीठ, जिथे स्नायडर पूर्वी नोकरीला होते. शेवटच्या मिनिटांत कॅन्सस स्टेट १४-१७ असं मागे. चेंडू हातात आहे, घड्याळ पळतंय, आणि या मुलांना अशा वेळी काय होतं ते पाठ झालेलं आहे: काहीतरी चुकतं आणि सामना जातो. कार्ल स्ट्रॉ हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार. संघ एकेक पास जोडत पुढे सरकला, आणि सामन्याच्या अगदी शेवटच्या चालीवर स्ट्रॉने फ्रँक हर्नांडेझकडे फेकलेला पास टचडाऊन ठरला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचला आणि सहा गुण मिळाले. २०-१७. जवळपास तीन वर्षांनी विजय.

हा सामना मी मुद्दाम सविस्तर सांगितला. त्या हंगामात हा एकच विजय आहे. १९८९ची नोंद १ विजय, १० पराभव अशी आहे. कागदावर पाहिलं तर हा अपयशी हंगाम. पण पुढच्या वर्षी ५ विजय आले, त्याच्या पुढच्या वर्षी ७. हरण्याची सवय लागलेल्या मुलांना डावपेचांआधी एका गोष्टीची गरज असते, आणि ती म्हणजे शेवटच्या मिनिटाला आपल्या बाजूने काही घडू शकतं याचा स्वतः घेतलेला अनुभव. तो व्याख्यानाने देता येत नाही, भिंतीवर घोषवाक्यं लावून तर मुळीच नाही. स्नायडर यांनीही सोळा उद्दिष्टांची एक यादी केली होती: बांधिलकी, एकजूट, शिस्त, रोज थोडी सुधारणा, हार न स्वीकारणं, वगैरे. यादी कुणीही करू शकतो. तिच्यातलं ‘रोज थोडी सुधारणा’ हे त्यांनी इतकं अक्षरशः घेतलं की सरावाच्या वेळापत्रकापासून जेवणाच्या टेबलापर्यंत सगळ्याची घडी बसवली. स्वतः ते दिवसातून एकदाच जेवत, रात्री उशिरा, काम आटोपल्यावर. हे अनुकरण करण्यासारखं आहे असं मी म्हणणार नाही.

आता खेळाडू आणायचे कुठून? हुशार, उंच, वेगवान मुलगा टेक्सासमधला असेल तर तो टेक्सास विद्यापीठात जाईल, ओक्लाहोमाला जाईल. कॅन्ससच्या या गावात का येईल? स्नायडर यांनी दोन वाटा शोधल्या. पहिली, दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं. गुणपत्रिकेमुळे किंवा उशिरा उमलल्यामुळे मोठ्या विद्यापीठांतून सुटलेली मुलं तिथे खेळत असतात. मायकल बिशप असाच टेक्सासच्या ब्लिन कॉलेजातून आला आणि १९९८ साली देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइसमन पुरस्कारात दुसरा आला. दुसरी वाट म्हणजे कॅन्ससचीच शेतकऱ्यांची पोरं. यांना शिष्यवृत्ती नसते, स्वतःची फी भरून संघात यायचं, सराव करायचा आणि जागा मिळवायची. जॉर्डी नेल्सन मॅनहॅटनच्या जवळच्याच शेतावरचा. तो असाच आला, बचावफळीत आला, नंतर पास झेलणारा झाला, आणि पुढे ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाकडून २०११चा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला.

सामने कुणाशी लावायचे, हाही त्यांच्या पद्धतीचा भाग होता, आणि यावरून त्यांना खूप बोल लागला. गटाबाहेरचे सामने ज्याने त्याने ठरवायचे असतात. स्नायडर यांनी हंगामाच्या सुरुवातीला सोपे प्रतिस्पर्धी घेतले. देशभरचे क्रीडालेखक म्हणायचे, हा फुगवलेला आकडा आहे. मला ती टीका पटत नाही. ज्या संघाने तीन वर्षं विजय पाहिला नाही, त्याला सप्टेंबरात बलाढ्य संघापुढे उभं करणं हा धाडसाचा आव झाला, प्रशिक्षण नव्हे. त्या सोप्या सामन्यांतून आत्मविश्वास आला, माणसं मैदानात परतली, पैसा आला, आणि त्या पैशातून बंदिस्त सरावाची जागा झाली. नेब्रास्का, ओक्लाहोमा, कोलोरॅडो तर गटात होतेच. त्यांच्यापासून कुणी पळून जाऊ शकत नव्हतं.

१९९३ साली ९ विजय आणि अ‍ॅरिझोनात झालेल्या कॉपर बोलमध्ये वायोमिंगवर ५२-१७ अशी मात. बोल म्हणजे हंगामाअखेर निवडक संघांना बोलावून होणारा सामना. विद्यापीठाच्या इतिहासातला हा पहिला बोल विजय. तिथून सलग ११ हंगाम ते बोल सामन्यांत खेळले. १९९८ साली त्यांनी नेब्रास्काला हरवलं, जे १९६८नंतर कधी घडलं नव्हतं.

पण १९९८चं नाव काढलं की मॅनहॅटनमधल्या माणसाचा चेहरा अजून पडतो. साखळीतले अकराही सामने जिंकलेले. ५ डिसेंबरला सेंट लुइसमध्ये बिग ट्वेल्व्ह, म्हणजे बिग एटच्याच वाढलेल्या गटाची अंतिम लढत, टेक्सास ए अँड एमशी. त्याच दिवशी मायामीने शर्यतीतल्या यूसीएलएला हरवलं, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्याचा रस्ता मोकळा झाला. शेवटच्या सत्रात कॅन्सस स्टेट २७-१२ असं पुढे. तिथून ए अँड एमने बरोबरी साधली, सामना जादा वेळेत गेला, दुसऱ्या जादा वेळेत त्यांच्या सर पार्कर नावाच्या खेळाडूने पास झेलून धाव घेतली आणि ३६-३३ने सगळं संपलं. हातातोंडाशी आलेला घास गेला. त्याहून वाईट पुढे झालं. क्रमवारीत तिसरे असूनही मोठ्या बोलच्या आयोजकांनी त्यांना बोलावलं नाही. लहान गावातला, कमी प्रेक्षक आणणारा संघ म्हणून. त्या अन्यायावरून नंतर नियम बदलला, आणि लोक त्याला कॅन्सस स्टेटचा नियमच म्हणतात. ज्यांच्यावर अन्याय झाला त्या मुलांना त्याचा उपयोग नव्हता.

भरपाई २००३ साली झाली. ओक्लाहोमा अजिंक्य, देशात पहिल्या क्रमांकावर, आणि त्यांचे प्रशिक्षक बॉब स्टूप्स. हे स्टूप्स म्हणजे स्नायडर यांच्याच हाताखाली सात वर्षं सहायक राहिलेले. कॅन्सस सिटीच्या मैदानावर ओक्लाहोमाने आधी सात गुण घेतले आणि त्यानंतर एकही नाही. ३५-७. बुटका, जेमतेम साडेपाच फूट उंचीचा डॅरेन स्प्रोल्स त्या दिवशी चेंडू घेऊन २३५ यार्ड धावला. १९३४नंतर कॅन्सस स्टेटचं हे पहिलं गटविजेतेपद.

२००५नंतर ते थांबले. घरच्यांना वेळ दिला नाही, ही खंत त्यांनी उघडपणे बोलून दाखवली. मैदानाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा त्यात कुटुंबाचा उल्लेख आला, म्हणून त्या मैदानाचं अधिकृत नाव ‘बिल स्नायडर फॅमिली’ स्टेडियम आहे. पुढच्या तीन हंगामांत नव्या प्रशिक्षकांकडे १७ विजय आणि २० पराभव झाले, आणि विद्यापीठाने ६९ वर्षांच्या स्नायडर यांना परत बोलावलं.

दुसऱ्या डावाबद्दल मला जास्त कुतूहल आहे. पहिल्या वेळी गमावण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या वेळी स्वतःचं नाव पणाला होतं. तरी चौथ्या वर्षी, २०१२मध्ये, त्यांनी पुन्हा गटविजेतेपदात वाटा मिळवला, आणि नोव्हेंबरात काही दिवस संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता. बेलरकडून ५२-२४ असा दणका बसला नसता तर आणखी पुढे गेले असते. त्यांची युक्ती ऐका, कारण कमकुवत संघाचं गणित तीत दिसतं. एरवी क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याच्या हाती देतो आणि बाजूला उभा राहतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अकरांविरुद्ध आपले दहाच उरतात. स्नायडर यांनी कॉलिन क्लाइन या उंचपुऱ्या क्वार्टरबॅकलाच चेंडू घेऊन पळवलं. त्यामुळे त्याच्यासाठी वाट मोकळी करणारा एक माणूस वाढला. वेग नसलेल्या संघाने संख्येत बरोबरी साधली.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते प्रतिस्पर्धी खेळाडूंना स्वतःच्या हाताने, जांभळ्या शाईने पत्रं लिहीत. जांभळा हा कॅन्सस स्टेटचा रंग. समोरच्या संघातला एखादा मुलगा चांगला खेळला, किंवा जखमी झाला, तर काही दिवसांनी त्याला स्नायडर यांची चिठ्ठी मिळे. हरवलं तरी आणि हरले तरी.

डिसेंबर २०१८मध्ये ते निवृत्त झाले. दोन्ही डाव मिळून २१५ विजय, ११७ पराभव, एक बरोबरी. त्यांच्या आधी विद्यापीठाला नव्वदहून अधिक वर्षांत २९९ विजय मिळाले होते, आणि या एका माणसाने २७ हंगामांत २१५ दिले. त्यांच्यानंतर आलेले क्रिस क्लाइमन यांनी २०२२ साली पुन्हा गटविजेतेपद आणलं. म्हणजे या वेळी माणूस गेल्यावर घर कोसळलं नाही.

आता श्रोत्यांतून नेहमी येणारा प्रश्न मी आधीच घेतो: हे आज शक्य आहे का? योगायोग असा की ते थांबले त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८मध्ये, खेळाडूंच्या बदल्यांचं ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झालं. २०२१पासून मुलं एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलू शकतात आणि स्वतःच्या नावावर पैसेही कमावू शकतात. २०२४ साली कर्ट सिग्नेटी यांनी इंडियाना विद्यापीठाचा संघ एका वर्षात ३ विजयांवरून ११ वर नेला, आणि त्यात आपल्या आधीच्या कॉलेजातून सोबत आणलेल्या खेळाडूंचा मोठा वाटा होता. ते काम मोठंच आहे. पण १९८९चा तो १-१० असा संघ आजच्या नियमांत असता, तर डिसेंबरातच चांगले खेळाडू दुसरीकडे गेले असते, आणि मी त्यांना दोष दिला नसता. तेव्हा जाणं अवघड होतं, म्हणून बरीच मुलं राहिली. १९९०चे पाच आणि १९९१चे सात विजय आले, त्यांत आदल्या वर्षी दहा सामने हरलेल्यांतली कितीतरी मुलं होती.