चौकोन बंद का होत नाही

टेबलावर कागद चिकटवलाय. रोबोच्या मधोमध, दोन चाकांच्या बरोबर मध्ये, एक भोक आहे. त्यात स्केचपेन खोचलं की तो जाईल तिथे रेघ उमटते. हा स्क्रिब्लर. पोटात सहा पेन्सिल सेल आणि वर खोचलेलं फ्लूक नावाचं सर्किट. त्यात कॅमेरा आणि ब्लूटूथ. प्रोग्रॅम लॅपटॉपवरच चालतो, हुकूम तेवढे रोबोकडे जातात.

पायथॉनची पहिली ओळ, मायरो इम्पोर्ट. मायरो म्हणजे रोबोला द्यायच्या हुकमांची तयार लायब्ररी. दुसरीत ब्लूटूथ जोडणीच्या पोर्टचा आकडा. तो चुकला तर पुढचं काहीच होत नाही. मग एक सेकंद सरळ जा, डावीकडे वळ. फॉर लूपमध्ये चार वेळा.

नीट बघा. चौथी बाजू पहिलीला भिडलीच नाही. लूप बरोबर आहे. पण वळण्याचा हुकूम अंशांत नाही, सेकंदांत आहे आणि या पहिल्या स्क्रिब्लरच्या चाकांना फेरे मोजणारा सेन्सर नाही. सेल उतरले की तेवढ्याच वेळात कोन कमी भरतो. म्हणून वळण्याचा वेळ एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि 0.05 ने वाढवत कोपरा जुळवायचा. आकडा एकाच जागी बदलावा लागतो, चारही कोपरे सुधारतात.

सरळ रेघही कलतेय, कारण दोन मोटारी कधीच सारख्या नसतात. एकीला 1, दुसरीला 0.95.

हा दुसरा रोबो मात्र हलतच नाही. एररही नाही. वेगाच्या जागी 1/2 लिहिलंय, आणि त्या वेळच्या पायथॉन 2 मध्ये पूर्णांकांच्या या भागाकाराचं उत्तर 0. तिथे 0.5 लिहिलं, आणि निघाला!

उजेडाकडे यायला सांगितलंय, पण टॉर्च दाखवली तर हा उलटा पळतो. याच्या सेन्सरचा आकडा उजेडात कमी होतो, अंधारात वाढतो. तुलनेचं चिन्ह फिरवायचं, बस्स.

2006 साली जॉर्जिया टेक आणि ब्रिन मॉर कॉलेजने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने रोबोवर प्रोग्रॅमिंग शिकवायचा हा प्रकल्प सुरू केला. हट्ट एकच: ज्याचा त्याचा रोबो, दप्तरात घालून घरी नेता येईल असा. हट्टाला कारण होतं. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतही काही वर्गांना रोबोवर प्रोग्रॅमिंग शिकवलं, पण रोबो लॅबमध्येच राहायचे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परीक्षेत रोबोवाले वर्गच मागे पडलेले दिसले.

नवा कागद. सेलही नवे. मघाशी जुळवलेला आकडा आता जास्त ठरतोय. पेन कोपरा ओलांडून आत वळलं.