वाघोलीचा अर्ज

(दृश्य: सकाळचा नगर रस्ता. पाण्याचा टँकर सोसायटीच्या फाटकातून आत वळतो आहे.)

30 जून 2021 ला वाघोली पुणे महापालिकेत आली. मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, खडकवासला धरून आणखी 22 गावं त्याच दिवशी शहर झाली.

गाव होतं तोवर ग्रामसभा होती. वर्षाला किमान चार सभा घ्या, असं कायदाच सांगतो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या ठरलेल्या तारखा. ग्रामसभा म्हणजे काही आदर्श कारभार नव्हे. कोरमअभावी तहकुबी, आरडाओरडा, भावकीचे जुने हिशेब, सगळं त्यात येतं. पण मतदार यादीत नाव असलेलं कुणीही उठून विचारू शकतं, "सरपंच, आमच्या आळीचं गटार कधी?" आणि सरपंचाला उत्तर चारचौघांत द्यावं लागतं.

शहरात ही सभा नाही. शहरात निवेदन असतं.

(दृश्य: क्षेत्रीय कार्यालयाची आवक खिडकी. टेबलावर शाईचा पॅड, रबरी शिक्का.)

प्रति, माननीय सहायक आयुक्त. विषय. महोदय. खाली सह्या, फ्लॅट क्रमांकासह. प्रती दोन घ्यायच्या. एक खिडकीत द्यायची, दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची. पोच नसेल तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता.

मग प्रश्न येतो, रस्ता किती रुंद आहे? कारण 12 मीटरपर्यंतचा रस्ता क्षेत्रीय कार्यालयाचा, त्याहून मोठा मुख्य पथ विभागाचा. म्हणजे खड्ड्याची तक्रार करायची तर आधी फीत घेऊन रस्ता मोजा. ड्रेनेजचं खातं वेगळं, पाण्याचं वेगळं. नगर रस्त्यावरच्या कोंडीबद्दल लिहिलंत, तर तो महामार्ग महापालिकेचाच नाही.

पाण्याची गोष्ट तर आणखी गुंत्याची. गावं महापालिकेत आली, पण बांधकाम परवानगी पीएमआरडीएकडेच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) ठेवली गेली. परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो: सार्वजनिक पाणीपुरवठा सुरू होईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू. हमीपत्र एका कार्यालयात, मिळकतकराचं बिल दुसऱ्या कार्यालयातून, आणि टँकरचे पैसे सोसायटीच्या खात्यातून.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, म्हणजे अधिकारी समोर बसून नागरिकांच्या तक्रारी ऐकतात. अर्ज 15 दिवस आधी द्यायचा, आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी, अशी अट. अख्ख्या सोसायटीची तहान वैयक्तिक कशी करायची, हे कुठल्याही नमुन्यात छापलेलं नाही.

एक वाट मात्र पुण्याने स्वतः काढली. 2006-07 पासून महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून छोटी कामं मागवते: पदपथ, पथदिवे, बसथांबा. कामं प्रभाग समिती मंजूर करते. पण समितीत बसायला नगरसेवक लागतात, आणि मार्च 2022 मध्ये त्यांची मुदत संपली. पुढची जवळपास चार वर्षं प्रशासकाची. वाघोलीकरांनी ग्रामपंचायत सोडली आणि वर्षाच्या आत, आपला म्हणावा असा नगरसेवक मिळण्याआधीच, सभागृहच रिकामं झालं. मतदान झालं ते थेट 15 जानेवारी 2026 ला.

(दृश्य: फुरसुंगीचा रस्ता, दुकानांच्या पाट्या.)

दोन गावांनी मात्र वेगळंच मागितलं. 2017 मध्ये महापालिकेत गेलेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीत कर डोईजड झाला, सोयी पोचल्या नाहीत, आणि मागणी उठली: आम्हाला महापालिकाच नको. 2024 मध्ये ती मान्य झाली. आता तिथे स्वतंत्र नगरपरिषद आहे. रस्ता-पाण्याच्या साध्या अर्जांना इतकं यश क्वचितच लाभतं.

वाघोलीला असं बाहेर पडायची गरज नाही. ग्रामसभेचं शहरातलं भावंड कायद्यात केव्हाच जन्मलं आहे. 2009 मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली: काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, तिथले सगळे मतदार सभासद, अध्यक्षपदी नगरसेवक. पुण्यात ती भरलेली पाहिलेला माणूस शोधावा लागेल.

नवे नगरसेवक आले आहेत. त्यांच्याकडे लोक रस्ता मागतील, पाणी मागतील. त्याच निवेदनात एक विषय वाढवता येईल: आमची क्षेत्रसभा कोणत्या तारखेला?