दहा मासे तांबं

[पहाटेचं जंगल. ओकच्या झाडावर मचाण, मचाणीवर नारिंगी जाकीट.]

विस्कॉन्सिन, अमेरिका. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीचा शनिवार. सूर्य उगवायला अजून अर्धा तास आहे आणि कायद्याने बार काढायची मुभा आत्ता, याच मिनिटाला सुरू होते. पुढचे नऊ दिवस या राज्यात लाखो माणसं अशी झाडांवर बसून राहतील. भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग अंगावर असायलाच हवा. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र तो दिसतो.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. इथे तो परवान्याचा, हंगामाचा आणि घरातल्या फ्रीजरचा विषय आहे. मचाणीवरच्या या माणसाच्या घरी वर्षभर शिजणारी सागुती या नऊ दिवसांत ठरते. त्यातली किती वाया जाईल हे मात्र आधीच ठरलेलं असतं. काडतुसांचा डबा विकत घेतला त्या दिवशी.

[स्वयंपाकघरातलं टेबल. दोन काडतुसं शेजारी शेजारी.]

पितळी नळकांडं, आत दारू, टोकाला गोळी. डावीकडच्या गोळीचं पोट शिशाचं, वर तांब्याचं पातळ कवच. उजवीकडची आरपार तांब्याची. दोन्हींचं वजन 150 ग्रेन.

ग्रेन हे माप मराठी घराला परकं नाही. आपला बारा माशांचा जुना तोळा बरोबर 180 ग्रेनचा होता. म्हणजे 150 ग्रेन झाले दहा मासे. सोनाराच्या काट्यावर दहा मासे म्हणजे जपून उचलायची वस्तू. तेवढंच वजन .308 मापाच्या रायफलच्या नळीतून सेकंदाला साडेआठशे मीटरच्या आसपास वेगाने निघतं आणि ऐंशी-नव्वद पावलांवर उभ्या असलेल्या जनावराच्या अंगात शिरतं. आत गेल्यावर ते काय करतं, हा खरा प्रश्न.

[माळरान. फळीवर पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन, एकामागे एक.]

दुधाचे रिकामे कॅन पाण्याने भरले आहेत. आधी शिशाची गोळी.

[बार. संथ गती.]

पहिला कॅन फुटतो, तो फवारा पाहा. गोळीचं तोंड पाण्यात शिरताच पसरतं, अळंबीसारखं, आणि पसरताना तिचे कण सुटत जातात. पुढच्या कॅनच्या तळाशी हे काय चमकतंय? शिशाचे चुरे. सगळ्यात शेवटी सापडतो तो चेपलेला बुंधा. अशा साध्या गोळीचं तिसरा हिस्सा वजन, कधी त्याहूनही जास्त, वाटेतच सांडलेलं असतं.

आता तांब्याची.

[बार. पुन्हा संथ गती.]

हिच्या टोकाला पोकळ भोक आहे. पाणी त्यात घुसलं की टोक चिरत जातं आणि चार पाकळ्या मागे वळतात. बस, एवढंच. ही गोळी कॅनमागून कॅन भेदत जाते. काढली, पुसली, काट्यावर ठेवली, तर काटा जवळजवळ पहिल्याच जागी थांबतो. या पाकळ्या आम्ही मुद्दाम इतक्या जवळून घेतल्या. संपूर्ण चित्रीकरणात याहून देखणं काही हाती लागलं नाही.

[जुने नकाशे, कृष्णधवल छायाचित्रं.]

पसरणाऱ्या गोळीचं नाव घेताना कलकत्त्याला जावंच लागतं. 1890 च्या दशकात तिथल्या दमदमच्या कारखान्यात ब्रिटिशांनी तोंड उघडं ठेवलेली गोळी बनवली. ती अंगात पसरायची आणि मोठी जखम करायची. 1899 मध्ये हेगच्या परिषदेने अशा गोळ्या युद्धात वापरायला मनाई केली. शिकारीचा नियम याच्या नेमका उलटा आहे. न पसरणारी, पूर्ण कवचाची लष्करी गोळी हरणावर झाडायला अनेक ठिकाणी बंदी आहे, कारण ती बारीक भोक पाडून निघून जाते आणि जखमी जनावर मैलभर तडफडत पळतं. गोळी पसरायलाच हवी. फुटायला मात्र नको.

हा पेच सोडवायला पन्नासेक वर्षं लागली. 1946 मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलात जॉन नॉसलर नावाच्या शिकाऱ्यासमोर चिखलाने माखलेला मूस, म्हणजे तिकडचं थोराड हरीण, उभा होता. गोळ्या लागत होत्या, पण खोल जात नव्हत्या. सुकलेल्या चिखलावर आणि जाड कातडीवरच त्यांचा चुरा होत होता. घरी येऊन त्याने गोळीच्या आत मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत ठेवली. पुढचा अर्धा भाग पसरेल, मागचा अर्धा शाबूत राहील. ती गोळी 1948 मध्ये बाजारात आली आणि आजही विकली जाते. पण पुढच्या अर्ध्या भागात शिसं होतंच. 1980 च्या दशकात रँडी ब्रूक्स यांना साधी वाटणारी गोष्ट सुचली: शिसं काढूनच टाकलं तर? 1989 पासून त्यांच्या बार्न्स कंपनीची निव्वळ तांब्याची गोळी दुकानात मिळू लागली.

[नेमबाजीचं मैदान. कागदी लक्ष्य, वाळूच्या पिशव्या.]

तांबं शिशाहून हलकं. त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला नळीतल्या आट्यांनी पुरेसा पीळ द्यावा लागतो. शिवाय तांबं कडक असतं. वेग पडला तर पाकळ्या उघडत नाहीत. म्हणून जाणते शिकारी शिशाची 165 ची गोळी वापरत असतील, तर तांब्याची 150 ची किंवा 130 ची घेतात. हलकी आणि वेगवान. डबा महाग पडतो. पण वर्षाला एक-दोन हरणं मारणाऱ्या माणसाला असे कितीसे बार लागतात? हंगामाआधी एक दुपार मैदानावर काढायची आणि आपल्या रायफलला कुठली मानवते ते कागदावर पाहायचं. जुन्या .30-30 रायफलची जड, संथ गोळीही मांस कमी नासते. तिच्या भोकापर्यंत मांस खाता येतं, असं जुने लोक सांगतात, आणि ते खरं आहे. हलकी, पातळ कवचाची, भन्नाट वेगाची शिशाची गोळी जवळून फऱ्यावर बसली तर मात्र दोन्ही फरे गेलेच समजा.

[गोठ्यातली तुळई. टांगलेलं हरीण, कातडी सोलली जात आहे.]

नेम इथे होता. फऱ्याच्या मागे, बरगड्यांत. इथे मांस पातळ आणि आत फुफ्फुसं. जनावर थोडं पळतं, पडतं. आत शिरलेलं भोक हे. पलीकडे बाहेर पडलेलं भोक हे. मधल्या बरगड्यांवर साकळलेलं रक्त तळहातापेक्षा कमी जागेत आहे.

[दुसरं जनावर. फरा जांभळा, जेलीसारखं रक्त.]

आणि हे दुसरं, शेजारच्या शेतावरचं. गोळी शिशाची, फऱ्यावर लागलेली.

[सुरीचा आवाज. निवेदन नाही.]

[क्ष-किरण चित्र. पांढरे ठिपके.]

डोळ्यांना दिसतं ते जांभळं मांस कापून टाकता येतं. विषारी शिशाचे हे ठिपके दिसत नाहीत. 2008 मध्ये मिनेसोटाच्या वन्यजीव खात्याने मेंढ्यांच्या धडांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या, तेव्हा झटकन फुटणाऱ्या गोळ्यांचे कण जखमेपासून जवळजवळ फूटभर लांब सापडले. पाण्याने धुतल्यावर शिसं आणखी पसरलं. त्याच वर्षी नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेला हरणाचा खिमा शिशापायी फेकून द्यावा लागला. जंगलात टाकलेली आतडी गरुड खातात. 2022 च्या अभ्यासात 38 राज्यांतल्या 1,210 गरुडांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत वर्षानुवर्षं साचलेलं शिसं निघालं. कॅलिफोर्नियाने 2019 पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद केलं, डेन्मार्कने 2024 पासून रायफलच्या गोळ्यांतही.

[पुन्हा गोठा. पाट, सुरी, पांढरा कागद.]

पाठीच्या कण्यालगतचा हा लांब पट्टा सगळ्यात मऊ. सुरी कण्याला टेकवून एकाच ओढीत काढायचा. मागचे फरे सांध्यातून सुटे होतात, करवत लागत नाही. मानेचं आणि बरगड्यांचं मांस खिम्याला. हा पुढचा उजवा फरा, जो एरवी कुत्र्याला जातो, आज पाटावर आहे. मानेतल्या गाठी तपासणीला गेल्या आहेत. 2002 मध्ये या राज्यात हरणांचा मेंदूचा रोग सापडला तेव्हापासून शहाणी माणसं अहवाल आल्याशिवाय भांडं चुलीवर ठेवत नाहीत.

[मुलगी पुड्यांवर पेनाने लिहिते आहे.]

फरा, उजवा. फरा, डावा. खिमा, दोन पौंड. खिमा, दोन पौंड. खिमा, दोन पौंड.

[फ्रीजरचं झाकण बंद होतं. खिडकीच्या चौकटीवर पाकळ्या उघडलेली गोळी.]