परका घोडा, आपली मांड

श्रोतेहो, नमस्कार.

मार्गशीर्ष लागला की खानदेशात घोड्यांच्या गप्पांना ऊत येतो. दत्तजयंतीला शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोडेबाजार. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे, सगळे हजर. पारखी माणूस आधी दात बघतो, मग खूर, मग अंगावरचे भोवरे आणि शेवटी म्हणतो, "चाल दाखवा." चाल दाखवायला घोड्यावर एक पोरगा चढतो. असेल सोळा-सतरा वर्षांचा. घोडा त्याचा नसतोच. रेवाल चाल अशी काढतो की पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळू नये. बक्षीस लागलं तर माइकवर घोड्याचं नाव पुकारतात, मालकाचं पुकारतात, गावाचंही पुकारतात. पोराचं नाव कुणी विचारत नाही. आज मला त्या पोराविषयी बोलायचं आहे.

दुसऱ्याच्या घोड्यावर बसणं आपल्याकडे कमीपणाचं कधीच नव्हतं. शिवाजी महाराजांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, त्यांच्या दिमतीला पाणी पुरवणारा एक पखालजी आणि एक नालबंद, अशी चोख व्यवस्था. महाराजांचा भर या पागेवर जास्त होता. बारगिराकडे घोडा नव्हता, मांड होती, आणि राज्याला तीच हवी होती.

दुसऱ्याच्या घोड्यावर बसायच्या स्पर्धा जगात आजही होतात. युवा ऑलिंपिक 2010 साली सिंगापूरला सुरू झालं, तेव्हापासून तिथे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत मुलं स्वतःचा घोडा नेत नाहीत. यजमान घोडे पुरवतात आणि कुणाला कुठला ते चिठ्ठीवर ठरतं. कारण उघड आहे. घोडा विमानाने परदेशी न्यायचा म्हणजे भाडं, रक्ताच्या तपासण्या आणि विलगीकरणाचे दिवस. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या) संघाने सुवर्णपदक आणलं, घोडेस्वारीतलं एक्केचाळीस वर्षांनंतरचं पहिलं. त्यात आपल्या शेजारच्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. संघातल्या चौघांना त्यासाठी युरोपात राहून, तिथल्या घोड्यांवर सराव करावा लागला होता. तेवढी ऐपत किती घरांत असणार? साक्री-शिरपूरकडच्या पोराला या खेळाचं दार उघडायचं असेल तर ते परक्या घोड्यानेच उघडेल.

आता कुणी म्हणेल, चिठ्ठीत एकाला गरीब घोडा आला आणि दुसऱ्याला द्वाड, तर न्याय कसला? प्रश्न रास्त आहे. विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यावर एक तोडगा काढलेला आहे, मला तो फार आवडतो. एकाच घोड्यावर तीन-चार स्वार पाळीपाळीने बसतात. तुलना त्यांची त्यांच्यातच होते. जो त्या घोड्याकडून सगळ्यांत चांगलं काम करून घेतो तो पुढच्या फेरीत. घोडा द्वाड असला तर तो सगळ्यांनाच द्वाड. जागतिक उडी स्पर्धेच्या अंतिम फेरीतही 2014 पर्यंत शेवटचे चार स्वार एकमेकांच्या घोड्यांवर बसत. पुढे ती पद्धत बंद केली. माझ्या मते खेळाने तेव्हा काहीतरी गमावलं, पण चार-चार स्वारांना पाठीवर घेणाऱ्या घोड्याला विचारलं तर तो बहुधा आयोजकांच्या बाजूने बोलेल.

परका घोडा हातात आल्यावर काय करायचं, हे मी मुलांना शिकवतो, तेव्हा लगामाला हात लावायची घाई करू देत नाही. आधी समोरून न जाता खांद्याच्या बाजूने जा. त्याला हुंगू दे. खोगिराखाली हात घालून बघ, गादीला सुरकुती तर नाही ना. तंग आवळताना तो कान मागे पाडतो का, बघ. पाडत असेल तर एकदम आवळू नकोस. रिकीब आपल्या हाताच्या लांबीने मापून घे. मग चढ, आणि आधी नुसता चालव. चार पावलं चालव, थांबव. पुन्हा चालव, थांबव. तोंड कडक आहे की नाजूक, ते या थांबण्यात कळतं. दुडकी त्यानंतर.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका छोट्या स्पर्धेत एका मुलीच्या वाट्याला वरातीचा घोडा आला. दिसायला देखणा, पण आयुष्य बँडबाजापुढे गेलेलं. अशा घोड्याला लगाम आखडला की 'नाच' असंच समजतं. मुलीने अडथळ्याआधी वेग कमी करायला लगाम आखडला. घोडा जागच्या जागी पुढचे पाय उचलून नाचायला लागला! मैदानात हशा. तिने घाबरून आणखी ओढला असता तर खेळ खलास होता. तिने हात पुढे दिले, बूड खोगिरात रुतवलं, आणि नुसत्या पोटऱ्यांनी त्याला पुढे ढकललं. घोड्याने चार पावलं विचार केला आणि दांडीवरून गेला. मागून घोडा सांभाळणारा मोतद्दार ओरडला, "उग्या बठ भो, घोडं समदं जानस!" म्हणजे गप्प बस, घोडं सगळं जाणतं. सगळं जाणतं हे काही खरं नाही, पण बरंच जाणतं.

हाच प्रकार उलटा झाला की काय होतं, ते जगाने 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये पाहिलं. आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत घोडा चिठ्ठीवर मिळायचा आणि ओळख करून घ्यायला वीस मिनिटं. जर्मनीची आनिका श्लॉय तोवर पहिल्या नंबरवर होती. तिला आलेला 'सेंट बॉय' हा घोडा आधीच्या स्वारापुढेही अडला होता, बिथरलेला होता. तो पुढे जाईना. ती रडत चाबूक मारत राहिली. तिच्या प्रशिक्षक बाईंनी कुंपणाबाहेरून घोड्याला गुद्दा मारला आणि त्या स्पर्धेतून बाद झाल्या. श्लॉय एकतिसावी आली. परिणाम असा की 2024 च्या पॅरिसनंतर पेंटॅथलॉनमधून घोडाच गेला, 2028 पासून तिथे पायी अडथळ्यांची शर्यत येते आहे. चूक त्या मुलीची म्हणायची की बिथरलेला घोडा पुन्हा मैदानात आणणाऱ्यांची? मी आयोजकांना दोष देतो. आंतरराष्ट्रीय उडीच्या नियमात दांडी पडली की चार दंडगुण, घोड्याने उडीला नकार दिला तरी चार, आणि दुसऱ्यांदा नकार दिला की स्वार बाद. इतकं स्पष्ट 'नाही' घोड्याने म्हटल्यावर त्याला पुढच्या स्वारासाठी उभं करू नये, हे सांगायला नियम कशाला हवा?

म्हणून सारंगखेड्यासारख्या यात्रेत मुलामुलींची परक्या घोड्यांवरची एक स्पर्धा व्हावी, असं मला फार वाटतं. रेवालची होते, नाचाची होते, सौंदर्याची होते. ही वेगळी असेल. घोडे मालकांनी द्यायचे, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर टाकायच्या, एका घोड्यावर तीनच स्वार. एकदा नकार देऊन बिथरला की तो घोडा थेट दावणीला. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी झाल्याशिवाय कुठलाही घोडा आत नको. लगामाचा तोंडात जाणारा भाग ज्याचा त्यालाच, तीन घोड्यांत फिरवायचा नाही. आणि फेटा शोभतो खरा, पण डोकं वाचवत नाही, तेव्हा हेल्मेट.

मालक मंडळींना एक सांगणं आहे. घोडा देताना त्याची खोड लपवू नका. ट्रॅक्टरच्या आवाजाला भितो, डावीकडे वळायला नको म्हणतो, मागे दुसरा घोडा आला की लाथ झाडतो, जे असेल ते पोराला सांगून टाका. विक्रीच्या वेळी तुम्ही या गोष्टी का सांगत नाही ते मला कळतं. इथे मात्र सौदा नाही. आणि निकाल पुकारताना माइकवाल्या भाऊंनी घोड्याचं नाव घ्यावं, मालकाचं घ्यावं, त्याआधी वर बसलेल्या पोराचं किंवा पोरीचं घ्यावं, गावासकट.

नमस्कार.